कंपनीचा बंपर आणि वरून बसवलेलं गार्ड: रोही आडवा आला तर कोण वाचवतं?

मराठवाड्यात नवी गाडी आली की पहिल्या आठवड्यात तीन कामं ठरलेली असतात. तुळजापूरला नाहीतर औंढ्याला नेऊन पूजा, सीटकव्हर, आणि पुढे लोखंडी गार्ड. पहिल्या दोन्हींबद्दल माझं काही म्हणणं नाही. गार्डबद्दल मात्र आहे, कारण ते बसवताना जे कारण सांगितलं जातं त्यात अर्धं खरं आणि अर्धं खोटं बेमालूम मिसळलेलं असतं. "रात्रीचा रोही आडवा आला म्हणजे? कंपनीचं प्लास्टिक काय टिकणार, दादा?"

भीती खोटी नाही. जालना, परभणी, हिंगोलीकडच्या रस्त्यांवर तिन्हीसांजेला रोह्यांचे, म्हणजे नीलगाईंचे, कळप एका शिवारातून दुसऱ्यात जातात. एक गेला म्हणून सुटलो असं वाटतं, तोवर मागचे दोघं उडी घेतात. ऊस आणि मक्याच्या पट्ट्यात रानडुकरं असतात. पावसाळ्यात वावरं चिखलाने भरली की गावची गुरं कोरड्या डांबरावर येऊन बसतात, आणि काळी म्हैस काळ्या रस्त्यावर दिसते तेव्हा ती बहुतेक बोनेटसमोरच असते.

पण गार्ड म्हणजे बंपरचाच जास्त मजबूत भाऊ, ही समजूत चुकीची आहे. दोन्ही समोरच असतात, दोन्हींना गॅरेजमध्ये 'बंपर'च म्हणतात, पण दोघांची कामं जवळजवळ उलटी आहेत.

कंपनीचा बंपर म्हणजे बाहेरून दिसणारं प्लास्टिक नव्हे. ते नुसतं कव्हर. बहुतेक नव्या गाड्यांत त्याच्या मागे फोमचा थर असतो, फोमच्या मागे पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचा आडवा बीम, आणि तो बीम गाडीच्या पुढच्या दोन दांड्यांना जोडणारे डब्यासारखे दोन तुकडे. हे डबे मोडण्यासाठीच बनवलेले असतात. धडक बसली की ते घडी पडल्यासारखे चुरगळतात, मग दांडे चुरगळतात, आणि या मोडण्यात जो वेळ आणि जे अंतर मिळतं त्यावर आतल्या माणसाच्या बरगड्या शाबूत राहतात. हेल्मेटच्या आतलं थर्माकोल जसं स्वतः फुटून डोकं वाचवतं, तसंच हे.

आकड्यात सांगतो. गाडी ताशी ५६ किमी वेगाने भिंतीवर आदळली आणि तिचं तोंड ६० सेंमी चेपलं, तर आतल्या माणसाला सरासरी त्याच्या वजनाच्या वीसपट झटका बसतो. तोंड कडक करून ३० सेंमीच चेपू दिलं तर तोच झटका चाळीसपट. गाडी जास्त शाबूत दिसेल, माणूस कमी.

गार्ड याच्या पुढे येतं. दोन-अडीच इंची पाईप, जाड पट्ट्या, आणि पुढच्या दांड्यांना नट-बोल्टने नाहीतर वेल्डिंगने पक्कं केलेले ब्रॅकेट. ते चुरगळावं अशी कुणाची अपेक्षाच नसते. उलट वाकलं नाही म्हणून कौतुक होतं. म्हणजे आधी मोडायचे ते डबे आणि फोम बाजूला राहतात आणि धडक थेट दांड्यांवर जाते.

इथवर वाचून 'गार्ड वाईट, बंपर चांगला' असं म्हणून मोकळं होता येईल. पण जनावराच्या धडकेचा हिशोब भिंतीच्या धडकेसारखा नसतो, आणि खरी गंमत तिथेच आहे.

समजा दीड टनाची गाडी ताशी ८० च्या वेगात आहे आणि समोर २०० किलोंचा रोही आला. दोघं एकत्र पुढे गेले असं धरलं तरी गाडीचा वेग ८० वरून ७० च्या आसपास येतो. चारशे किलोंचा बैल असेल तर ६३ पर्यंत. म्हणजे आतल्या माणसाला भिंतीवर आदळल्यासारखा झटका बसतच नाही. बऱ्याचदा एअरबॅगही उघडत नाही, आणि लोक शोरूममध्ये जाऊन भांडतात. एअरबॅग गाडीचा वेग किती झपाट्याने घटला ते मोजते. पत्रा किती चेपला ते तिला कळत नाही.

मग माणसं मरतात कशाने? दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे उंची. रोह्याचा पूर्ण वाढलेला नर खांद्याशी साडेचार फुटांच्या घरात जातो आणि त्याचं सगळं वजन लांब पायांवर असतं. छोट्या गाडीचा बंपर त्याच्या पायांना लागतो. पाय निघून जातात आणि धड बोनेटवरून सरळ समोरच्या काचेवर येतं. बैल, घोडा, उंट यांचंही तेच. स्वीडनमध्ये मूस नावाच्या प्रचंड हरणामुळे हेच होतं म्हणून तिथल्या गाड्यांचे काचेजवळचे खांब आणि छप्पर मजबूत करण्यावर इतका भर दिला गेला. या प्रसंगी गार्ड काय करतं? हॅचबॅकवर काहीच नाही. तेही पायांनाच लागतं. बोलेरो किंवा स्कॉर्पिओसारख्या उंच गाडीवर गार्डची वरची नळी जनावराच्या पोटाशी येते, तिथे काच वाचण्याची शक्यता थोडी वाढते, हे मान्य करायला हवं. पण जनावराचा भार नळीच्या वरच राहतो, त्यामुळे ते बोनेटवर कोसळणारच.

दुसरी गोष्ट म्हणजे जनावर चुकवताना मारलेली स्टेअरिंग. गाडी रोह्याला लागतच नाही. ती कडेच्या लिंबाला, पुलाच्या कठड्याला, नाहीतर समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरला लागते. ही धडक मात्र वर सांगितलेल्या भिंतीसारखी. इथे कंपनीचं चुरगळणारं तोंड हवं असतं, आणि नेमक्या याच वेळी पुढे लोखंड उभं असतं. ज्या जनावरासाठी गार्ड बसवलं त्याच्यापुढे ते फारसं कामाचं नाही, आणि ज्या झाडासाठी बसवलं नव्हतं तिथे ते नडतं. मला गार्डविरुद्ध सगळ्यात वजनदार मुद्दा हाच वाटतो. चलन, दंड वगैरे नंतर.

त्यात एअरबॅगची भर. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. ती कधी फुगवायची हा निर्णय सेकंदाच्या अगदी लहान तुकड्यात घ्यावा लागतो, आणि तो घेणारी यंत्रणा कंपनीने स्वतःच्या बंपरसह धडका घेऊन बसवलेली असते. भारत एनसीएपीची, म्हणजे गाड्या आदळून त्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या सरकारी योजनेची, चाचणीही कंपनीच्या तोंडावरच होते: ताशी ६४ किमी, समोरच्या चेपणाऱ्या अडथळ्यावर गाडीच्या रुंदीचा ४० टक्के भाग आदळतात. बीडच्या बायपासवर वेल्डिंग करून घेतलेल्या गार्डसकट ती गाडी कुणी आदळून पाहिलेली नाही. एअरबॅग उशिरा उघडेल की नको तेव्हा, हे मग नशिबावर. पाच तारे गाडीला मिळालेत; गार्ड लावलेल्या गाडीला नव्हे.

गार्डच्या बाजूने खरं काय आहे तेही सांगायला हवं, नाहीतर वीस वर्षं जीप चालवलेला माणूस इथेच हसून वाचणं सोडेल. रानडुक्कर बुटकं आणि भरीव असतं. ते बरोबर बंपरच्या उंचीवर लागतं. ताशी ४०-५० च्या वेगात कुत्रं, डुक्कर, वासरू लागलं तर चांगलं गार्ड ग्रिल, हेडलाइट आणि मुख्य म्हणजे रेडिएटर वाचवतं. कंपनीचा बंपर अशा वेळी तुटतो, फाटतो, क्लिपा निघतात आणि खर्च येतो. रात्री आडवाटेला रेडिएटर फुटून उभं राहणं ही काही किरकोळ अडचण नाही. फक्त एवढं ध्यानात असू द्या की इथे वाचला तो पत्रा. त्या वेगात माणसाला तसाही धोका नव्हता.

ऑस्ट्रेलियाचा दाखला हटकून दिला जातो. तिथे कांगारूंमुळे बुलबार, म्हणजे असेच लोखंडी गार्ड, सर्रास दिसतात, हे खरं. पण लाल कांगारूचा मोठा नर ८५ किलोंच्या आसपास भरतो, रोह्याच्या निम्म्याहून कमी; आणि तिथल्या वाळवंटी भागात पुढचं गॅरेज शेकडो किलोमीटरवर असतं. शिवाय तिथले नावाजलेले बुलबार त्या त्या मॉडेलसाठी, एअरबॅगशी जुळवून बनवलेले असतात. दुसरीकडे युरोपीय संघाने २००५ मध्येच पादचाऱ्यांच्या सुरक्षेची चाचणी पार न करणाऱ्या कडक गार्डांच्या विक्रीला आळा घातला. दोन्हीकडे प्रश्न एकच विचारला गेला: हे त्या गाडीवर बसवून तपासलंय का? आपल्याकडे प्रश्न असतो, किती किलोचं आहे?

पादचारी म्हटलं की आपल्याकडे दुचाकीही आली. नवरा, बायको, मध्ये लेकरू, मागची लाइट बंद, हे दृश्य कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर रोज दिसतं. कंपनीचं तोंड गोलसर आणि दबणारं असतं. लागलेल्या माणसाचा आघात ते पसरवतं. गार्डची नळी तोच आघात अडीच इंचांत एकवटते, आणि उंच गाडीवर ती लहान मुलाच्या छाती-डोक्याच्या उंचीवर येते.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना पत्र पाठवून अशा गार्डांवर कारवाई करायला सांगितलं. आधार मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२, म्हणजे गाडीत परवानगीशिवाय बदल नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पकडतात किती, हा वेगळा विषय. विम्याचा दावा करताना मात्र न कळवलेला बदल म्हणून सर्व्हेअर गार्डवर बोट ठेवू शकतो. आणि नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर रोह्याने फोडलेल्या रेडिएटरचा एक रुपया मिळत नाही, गार्ड असो वा नसो.

मग रोह्याचं करायचं काय? वेगाचा हिशोब पाहा. ताशी ८० ला जनावर दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर त्यातच ३३ मीटर जातात, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५. एकूण ६८. ताशी ६० ला हेच अंतर ४५ मीटर. डिपरचा उजेड कामाचा असा साधारण ४०-५० मीटरच पडतो. म्हणजे ६० ला तुम्ही उजेडाच्या आत जेमतेम थांबता. ८० ला जनावर दिसलं तेव्हाच उशीर झालेला असतो. समृद्धीवर १२० ची मुभा आहे, कुंपण आहे, प्राण्यांसाठी वेगळे मार्ग आहेत. जिंतूर-औंढा रस्त्यावर यातलं काही नाही.

तेव्हा रस्ता रिकामा असेल तेव्हा अप्पर लावा, समोरून गाडी आली की डिपर. काच आतूनही पुसा. गुटख्याच्या पुडीने नव्हे. कडेला दोन हिरवट डोळे चमकले की पाय आधीच ब्रेकवर न्या आणि एक जनावर गेलं की दुसऱ्याची वाट पाहा. आणि धडक टळणारच नसेल तर ब्रेक पूर्ण दाबा, स्टेअरिंग सरळ धरा. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर पॅडल थरथरतं, घाबरून पाय काढू नका. सीटबेल्ट लावलेला असेल तर एवढ्याने तुम्ही बहुधा उतरून चालत बाजूला जाल. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करा, म्हणजे रस्त्यात पडलेल्या जनावरावर मागची गाडी येणार नाही.

ज्यांनी गार्ड आधीच बसवलंय त्यांनी ते नुसतं खोलून देऊ नये. ब्रॅकेटसाठी कंपनीचा बीम कापला होता का, फोम काढून टाकला होता का, दांड्यांना वेल्डिंगचे डाग आहेत का, हे खाली वाकून बघा. बीम कापलेला असेल तर गार्ड काढल्यावर समोर खरोखरच नुसतं प्लास्टिक उरतं. अशा वेळी आधी बीम आणि फोम नवे घाला, मग गार्ड भंगारात द्या.