मिसेस मर्फी अपवाद

अमेरिकेतील न्याय्य निवास कायद्यातून छोट्या घरमालकाला मिळणारी सूट. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, ११ एप्रिल १९६८ रोजी, हा कायदा झाला. वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ राष्ट्र पाहून घर नाकारण्यास त्याने बंदी घातली. लिंगभेदावर १९७४ मध्ये बंदी आली. अपंगांना आणि लहान मुले असलेल्या कुटुंबांना १९८८ मध्ये संरक्षण मिळाले.

मिसेस मर्फी नावाची बाई खरी नव्हे. राहत्या घरातल्या खोल्या भाड्याने देऊन गुजराण करणारी विधवा म्हणून नागरी हक्क कायद्याच्या वादात तिला उभे केले गेले. तिने कोणाला घरात घ्यावे हे सरकारने ठरवू नये, असा युक्तिवाद होता. १९६४ च्या कायद्याने, मालक स्वतः राहतो अशा आणि भाड्याच्या खोल्या पाचांहून जास्त नसलेल्या लॉजला मोकळीक दिली. १९६८ मध्ये हीच सवलत घरांना मिळाली : इमारतीत जास्तीत जास्त चार स्वतंत्र बिऱ्हाडे असावीत आणि त्यांतल्या एकात मालक राहत असावा.

सूट दिसते तेवढी मोठी नाही. भेदभावाच्या जाहिरातीवरील बंदी या मालकालाही लागू आहे. ‘फक्त भारतीयांना’ अशी पाटी त्याला लावता येत नाही. भेद करा पण बोलून दाखवू नका, असा हा चमत्कारिक तोडगा. वंशाबाबत तर सूट उरलेलीच नाही. जून १९६८ मध्ये, कायद्याला जेमतेम दोन महिने झाले असताना, सर्वोच्च न्यायालयाने जोन्स विरुद्ध मेयर खटल्यात १८६६ चा जुना नागरी हक्क कायदा खाजगी व्यवहारांनाही लागू असल्याचा निर्णय दिला. त्या कायद्यात मर्फीबाईंना जागा नाही.

तीनपेक्षा जास्त घरे नसलेला मालक दलालाशिवाय आपले एका कुटुंबाचे घर विकत वा भाड्याने देत असेल, तर त्यालाही अशीच सूट असते. धार्मिक संस्थांना व्यापारी नसलेल्या निवासात स्वधर्मीयांना प्राधान्य देता येते. ज्येष्ठांच्या वसाहती मुले असलेल्या कुटुंबांना नाकारू शकतात. त्यासाठी सर्व रहिवासी ६२ वर्षांवरील हवेत, किंवा वसाहत ५५ वर्षांवरील लोकांसाठी चालवलेली असून किमान ८० टक्के घरांत निदान एक जण त्या वयाचा हवा. धर्म किंवा वंश पाहून नकार देण्याची मुभा मात्र त्यांनाही नाही.

राज्यांचे कायदे आणखी कडक असू शकतात. कॅलिफोर्नियात मालक राहत असलेल्या घरात एकच भाडेकरू ठेवायचा असेल, तरच ही सूट मिळते.