अग्निदिव्य (शिरगाव, गोवा)

व्रत पाळून पेटत्या निखाऱ्यांतून अनवाणी पार होण्याचा विधी. गोव्यात तो सर्वांत मोठ्या प्रमाणावर होतो डिचोली तालुक्यातील शिरगावात, श्री लईराई देवीच्या जत्रेत. जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला भरते. होमकुंडातून जाणाऱ्या व्रतस्थ भक्तांना धोंड म्हणतात. ते गोव्याच्या गावागावांतून येतात, तसे सिंधुदुर्गातून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही येतात.

लईराईची मूर्ती नाही. ती कळसाच्या रूपात पुजली जाते. सात बहिणी आणि त्यांचा भाऊ खेतोबा यांच्या कथेत विधीचे मूळ सांगितले जाते. रागाच्या भरात लईराईने भावाला लाथ मारली, मग पस्तावून आगीतून चालण्याचे प्रायश्चित्त घेतले. बहिणींपैकी मिराबाई म्हापशाची मिलाग्र सायबीण, म्हणजे तिथल्या चर्चमधली मारिया माता झाली, असे हीच कथा सांगते. शिरगावहून तिला तेल जाते, तिच्याकडून देवीला फुले येतात. म्हापसा ज्या बार्देशात आहे तो १५४३ मध्येच पोर्तुगीजांकडे गेला. डिचोली त्यांच्या हाती पक्की आली ती १८व्या शतकाच्या उत्तरार्धात. मधल्या काळात धर्म बदलले, राज्ये बदलली, पण बहिणींना माहेर उरावे एवढी सोय लोकांनी करून ठेवली. गोव्यात श्रद्धा तगली ती अशा तडजोडींवरही, हे इतिहासाच्या पुस्तकांत कमीच सापडते.

व्रत जत्रेच्या काही दिवस आधी सुरू होते. धोंड घर सोडून माटवात (मांडवात) किंवा देवळात राहतात, सोवळ्यात रांधलेले शाकाहारी अन्न खातात, तळीत किंवा झरीवर स्नान करतात. हातात लोकरीचे रंगीत गोंडे लावलेली वेताची काठी, गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांच्या माळा. वैशाखाच्या उकाड्यात हजारो माणसांचा घाम आणि मोगरा यांचा जो मिळून वास येतो, तो जत्रेला गेलेला माणूस विसरत नाही. होमकुंडासाठी लाकडांची उंच रास रचतात. ती रात्री पेटवली जाते आणि ज्वाळा बसल्या की ‘लईराई माता की जय’ म्हणत धोंड निखाऱ्यांतून जाऊ लागतात. देवीचा कळसही त्यातूनच नेला जातो. जत्रेनंतरचे दिवस कौलोत्सवाचे, म्हणजे देवीचा कौल घेण्याचे.

पाय का भाजत नाहीत, याचे उत्तर बरेचसे लाकडाच्या निखाऱ्यात आहे. निखारा तापलेला असला तरी उष्णता सावकाश सोडतो, वरची राख ती आणखी अडवते, आणि पाऊल त्यावर टेकते ते सेकंदापेक्षा कमी वेळ. त्याच तापमानाची लोखंडी पट्टी असती तर पहिल्याच पावलाला कातडी सोलली असती. लंडनजवळ १९३५ साली कुदा बक्ष या काश्मिरी माणसाला शास्त्रज्ञांसमोर निखाऱ्यांवरून चालवून हे तपासले गेले होते. ओल्या पावलांमुळे बचाव होतो हा समज मात्र फारसा टिकत नाही. ओल्या तळव्याला निखारा उलट चिकटू शकतो. जो थबकतो, अडखळतो किंवा पडतो, तो भाजतो. पाय पोळला की व्रतात कुठेतरी चूक झाली, असे मानणारे पुष्कळ आहेत. हा खुलासा कधीच खोटा ठरू शकत नाही, हीच त्याची अडचण.

पण उष्णतेचे गणित कळल्याने कोणी आगीत पाय टाकत नाही. धग तोंडावर आली की शरीर मागे सरते. ते कुणाला विचारत नाही. ती पहिली पायरी ओलांडायला लागतो निर्धार, आणि तो होमकुंडाच्या काठावर उभे राहून गोळा करता येत नाही. त्याची बांधणी आधीच्या दिवसांत होते: मोजके खाणे, घरापासून दूर राहणे, वडील-काकांसोबत एकाच माटवात झोपणे. पुढे गेलेला धोंड सुखरूप पलीकडे दिसतो आणि मागच्याचे पाऊल उचलते. एकदा आत शिरल्यावर मात्र जगण्याची उपजत ओढच कामाला येते, कारण तीच पायांना भरभर पळवते. श्रद्धेने भीती नाहीशी होते हे वर्णन म्हणून अर्धवटच आहे. धोंडाची भीती शिल्लक असते आणि त्याच्या उपयोगी पडते. स्पेनमधील सान पेद्रो मान्रिके गावातल्या अग्निचालनाचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चालणाऱ्याच्या हृदयाचे ठोके आणि काठावरच्या त्याच्या नातलगांचे ठोके सारख्या लयीत चढता-उतरताना आढळले. परक्या प्रेक्षकांत तसे दिसले नाही. शिरगावात काठावर उभी असलेली आई बघितली की याचे नवल वाटत नाही.

देहाला पणाला लावणारे इतर विधीही गोव्यात आहेत. काणकोणच्या शिशारान्नीत तीन माणसांची डोकी हीच चूल मानून त्यांवर भात शिजवतात.

३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावात चेंगराचेंगरी होऊन सहा जण दगावले, अनेक जखमी झाले. हे मृत्यू निखाऱ्यांवरचे नव्हते; उतरणीच्या अरुंद वाटेवर गर्दी एकमेकांवर कोसळली. होमकुंडात एकेकाला वाचवणारी तीच पळण्याची ओढ दाटीत शेजाऱ्याच्या जिवावर उठते, आणि तिथे व्रताचा उपयोग नसतो. तिथे लागतात रुंद वाटा, कठडे आणि आत सोडायच्या माणसांवर मर्यादा. सरकारने चौकशी समिती नेमली. जत्रेतली माणसे वाढत गेली, गावातल्या वाटा मात्र जुन्याच मापाच्या राहिल्या.