झाकण लावलेल्या कॅमेऱ्यातला फोटो: खगोल-कॅमेरे थंड का ठेवतात?

खगोल-कॅमेऱ्याला झाकण लावा, खोलीतले दिवे घालवा आणि पाच मिनिटांचं एक्स्पोजर घ्या. फोटो कोरा काळा यायला हवा. पण संगणकावर तो ताणून उजळला की लाल, हिरवे, निळे ठिपके दिसू लागतात, त्यांच्यामागे बारीक रवाळपणा असतो आणि काही सेन्सरवर तर कोपऱ्यातून फिकट झळाळी पसरलेली असते. प्रकाश आत गेलेलाच नाही. ठिपके आणि रवाळपणा ही मुख्यतः उष्णतेची करामत.

सेन्सर सिलिकॉनचा असतो. पुरेशी ऊर्जा असलेला प्रकाशकण त्यावर पडला की एक इलेक्ट्रॉन सुटा होतो, पिक्सेल तो साठवतो आणि शेवटी मोजणी होते. इलेक्ट्रॉन सुटायला साधारण १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. सिलिकॉनचे अणू उष्णतेमुळे सतत थरथरत असतात आणि त्या थरथरीतूनही अधूनमधून एखादा इलेक्ट्रॉन सुटतो, विशेषतः स्फटिकात जिथे दोष असतील तिथे. तो ताऱ्यामुळे सुटला की उष्णतेमुळे, हे पिक्सेलला कळायला मार्ग नाही. कढईत लाह्या फुटतात तसंच हे: आच वाढवली की जास्त फुटतात, पण पुढची नेमकी कधी फुटेल ते सांगता येत नाही.

खरी अडचण या अनिश्चिततेत आहे. समजा, २५ अंश सेल्सिअसला एका पिक्सेलमध्ये सेकंदाला एक इलेक्ट्रॉन उष्णतेने सुटतो. पाच मिनिटांत सरासरी ३०० जमतील. झाकण लावून काढलेला फोटो, म्हणजे डार्क फ्रेम, मूळ फोटोतून वजा केला की हे ३०० जातात. पण प्रत्येक पिक्सेलमध्ये बरोबर ३०० कधीच नसतात. कुठे २८५, कुठे ३१५. हा चढउतार सरासरीच्या वर्गमूळाइतका, म्हणजे सुमारे १७ असतो आणि वजाबाकीनंतरही तो तिथेच राहतो. एखाद्या दीर्घिकेच्या कडेच्या फिकट भागातून तेवढ्याच वेळात २० इलेक्ट्रॉन येत असतील, तर ते या चढउतारात हरवणारच.

म्हणून सेन्सरच थंड करायचा. तापमान साधारण ६ अंशांनी उतरलं की उष्णतेचे इलेक्ट्रॉन निम्मे होतात. ३० अंश खाली गेलं की पाच वेळा निम्मे, म्हणजे ३०० चे ९ आणि चढउतार फक्त ३. दीर्घिकेची फिकट कड आता उठून दिसते.

हौशी मंडळींच्या कॅमेऱ्यात हे काम पेल्टिअर चकती करते. वीज सोडली की तिची एक बाजू गार होते, दुसरी तापते आणि मागचा पंखा ती उष्णता बाहेर टाकतो. तिच्या जोरावर सेन्सर बाहेरच्या हवेपेक्षा ३५–४० अंश खाली जातो. बाहेरच्या हवेपेक्षा, हे महत्त्वाचं! मे महिन्यात रात्री हवा ३० अंशांवर असेल तर उणे २० चा हट्ट धरून उपयोग नाही. चकती पूर्ण जोरात चालूनही तापमान डळमळत राहील. त्यापेक्षा शून्य किंवा उणे ५ ठरवा आणि तेच कायम ठेवा. तापमान स्थिर असलं की त्याच तापमानाचे, तेवढ्याच एक्स्पोजरचे डार्क फ्रेम पावसाळ्यात, आभाळ झाकलेलं असताना काढून ठेवता येतात आणि पुढे कितीतरी महिने वापरता येतात. मला तर थंडाव्याइतकाच हा स्थिरपणा मोलाचा वाटतो.

दमट हवेत सेन्सरवर दंव धरतं. त्यासाठी तो हवाबंद कप्प्यात बसवलेला असतो, आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या गोळ्या असतात आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत समोरच्या काचेला छोटा हीटर असतो. या गोळ्या भिजल्या की सुकवाव्या लागतात. कोकणात याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

मोठ्या वेधशाळांत गोष्ट आणखी पुढे जाते. चिलीतल्या रुबिन वेधशाळेच्या ३२०० मेगापिक्सेल कॅमेऱ्यातले १८९ सेन्सर उणे १०० अंशांच्या आसपास ठेवतात. जेम्स वेब दुर्बिणीवरचं मिरी हे उपकरण तर ७ केल्विनच्या खाली, म्हणजे उणे २६६ अंशांपलीकडे असतं. ते मध्यम अवरक्त प्रकाश टिपतं आणि इतकं गार नसेल तर उपकरणाची स्वतःचीच उष्णता त्याला आंधळं करील.

घरच्या गच्चीवर मात्र हिशेब वेगळा. शहराच्या उजळ आभाळातून साध्या फिल्टरने पाच मिनिटांत एका पिक्सेलमध्ये २५०० इलेक्ट्रॉन आले, तर त्यांचाच चढउतार ५० होतो. गरम सेन्सरचे ३०० त्यात मिळवले तरी तो ५३ च्या आसपास जातो. म्हणजे तिथे थंडाव्याने फारसा फरक पडत नाही. त्याचा खरा उपयोग होतो काळोख्या गावी, किंवा हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश तेवढा आत सोडणारा अरुंद फिल्टर लावल्यावर, कारण तेव्हा आभाळाचा उजेड बराचसा अडलेला असतो आणि उरतो तो मुख्यतः सेन्सरचाच चढउतार, म्हणजे नॉइज.