पंचेचाळीस ऐकून चोपन्न का लिहिले जाते?

सोलापूरच्या पूर्व भागातील एखाद्या शाळेत दुसरीच्या वर्गात बाईंनी 'पंचेचाळीस' म्हटले आणि एखाद्या मुलाने वहीत ५४ लिहिले, तर ती चूक बहुधा निष्काळजीपणाची नसते. मराठीत आधी पाच ऐकू येतात आणि मग चाळीस. लिहिताना मात्र ४ आधी लिहायचा असतो. म्हणजे पहिल्यांदा ऐकलेला अंक मनात थोपवून धरायचा, नंतर ऐकलेला आधी लिहायचा आणि तोवर पहिला निसटू द्यायचा नाही. या शहरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांच्या कानावर घरात 'नलभै ऐदु' किंवा 'नलवत्तैदु' पडत असते आणि या दोन्ही भाषांत चाळीस आधी, पाच नंतर येतात. उर्दूभाषक मुलांची अडचण मात्र मराठी मुलांसारखीच असते, कारण 'पैंतालीस'मध्येही पाचच पुढे आहेत.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. जर्मन भाषेतही एकक आधी उच्चारतात. ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, संख्या लिहिताना झालेल्या चुकांपैकी जवळपास निम्म्या अंकांच्या अदलाबदलीशी संबंधित होत्या. चेक भाषेत संख्या दोन्ही क्रमांनी म्हणता येते. तेथे त्याच मुलांना दशक आधी सांगून संख्या लिहायला लावली, तेव्हा अशा चुका कमी झाल्या. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये 'वीस एक', 'वीस दोन' असे संख्यावाचन आले तेव्हा राज्यभर वाद पेटला होता. त्या वादात भाषेच्या अस्मितेवर भरपूर बोलले गेले. सात वर्षांच्या मुलाच्या स्मृतीवर किती भार पडतो, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

हा भार ज्या स्मृतीवर पडतो तिला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात. अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये तिची जी मांडणी केली, ती थोड्याफार फरकाने आजही वापरात आहे. माहिती काही क्षण धरून ठेवणे आणि त्याच वेळी तिच्यावर काम करणे, ही दोन्ही कामे कार्यस्मृती करते. तिची क्षमता मोठ्यांमध्येही तुटपुंजी असते आणि लहानांमध्ये तर फारच कमी. ओळीने सांगितलेले सुमारे सात अंक प्रौढ माणूस लगेच परत म्हणू शकतो, तर चार-पाच वर्षांचे मूल चारच्या आसपास थांबते. ही क्षमता पौगंडावस्थेपर्यंत हळूहळू वाढत जाते. म्हणूनच 'वही काढा, पान बावीस उघडा, तिसरे उदाहरण सोडवा आणि झाल्यावर हात वर करा' ही सूचना एका दमात दिली, की पहिलीतली काही मुले नुसती वही काढून बसून राहतात. त्यांनी ऐकले नाही असे आपण समजतो. खरे तर त्यांनी ऐकलेले असते, पण ते टिकलेले नसते.

वयाबरोबर नुसती जागा वाढत नाही, ती वापरण्याच्या युक्त्याही येतात. जॉन फ्लॅवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये एक मजेदार प्रयोग केला. पाच, सात आणि दहा वर्षांच्या मुलांना काही चित्रे क्रमाने दाखवून, ती लक्षात ठेवायच्या काळात त्यांचे डोळे खेळण्यातल्या अंतराळवीराच्या टोपाच्या पडद्याने झाकले आणि त्यांच्या ओठांचे निरीक्षण केले. पाच वर्षांच्या मुलांपैकी अगदी थोडी चित्रांची नावे पुटपुटत होती. दहा वर्षांची बहुतेक मुले पुटपुटत होती. लक्षात ठेवण्यासाठी मनाशी उजळणी करावी लागते, ही गोष्टच लहान मुलांना आपणहून सुचत नाही. बालवाडीत सगळा वर्ग मिळून मोठ्याने म्हणतो, त्याचा उपयोग इथे आहे.

पाठांतराच्या प्रश्नाकडेही इथूनच पाहावे लागते. ४६ गुणिले ८ हे उदाहरण घेऊ. आठ सक अठ्ठेचाळीस, आठ लिहून हातचे चार, आठ चोक बत्तीस आणि चार छत्तीस, उत्तर ३६८. ज्याला आठाचा पाढा येतो, त्याच्या कार्यस्मृतीत फक्त हातचे चार उरतात. ज्याला येत नाही, तो आठ सक किती हे बोटांवर मोजू लागतो आणि तेवढ्यात हातचा हरवतो, शिवाय मुळात काय करत होतो तेही. सोलापुरी चादरीच्या जेकार्ड मागावर नक्षी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांत साठवलेली असते, म्हणून विणकराला प्रत्येक धाग्याचा विचार करावा लागत नाही आणि त्याचे लक्ष तुटलेल्या धाग्यावर राहू शकते. दीर्घकालीन स्मृतीत पक्का बसलेला पाढा मुलासाठी तेच काम करतो. पाठांतर विरुद्ध आकलन ही विभागणी मला म्हणूनच फसवी वाटते. अर्थ न कळता केलेली घोकंपट्टी वाया जाते हे खरे, पण काहीच पाठ नसताना विचार करायला जागाच उरत नाही, हेही तितकेच खरे आहे.

साठवलेल्या ज्ञानाचे बळ किती, हे मिशेलीन ची यांच्या १९७८ च्या अभ्यासात दिसते. बुद्धिबळ चांगले खेळणाऱ्या, सुमारे दहा वर्षांच्या मुलांना पटावरील मांडणी मोठ्या नवशिक्यांपेक्षा जास्त आठवली. अंकांची यादी आठवण्यात मात्र मोठेच पुढे होते. म्हणजे स्मृती सरसकट 'तल्लख' नव्हती. पटाविषयीचे ज्ञान सखोल होते, म्हणून पट आठवला.

हे ज्ञान पक्के कसे होते? पुन्हा पुन्हा वाचून, असे बहुतेक पालकांना वाटते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला, न पाहता, आठवेल तेवढे लिहायला सांगितले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटले: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. आठवण्याच्या सरावाचा असा फायदा शाळकरी मुलांमध्येही दिसून आला आहे. मिटलेल्या पुस्तकासमोर केलेला प्रयत्न, आणि तोही एकाच रात्री न करता काही दिवसांच्या अंतराने केलेला, जास्त टिकतो. परीक्षेच्या आदल्या रात्रीची जागरणे या दोन्ही गोष्टींच्या विरुद्ध जातात.

दहावी-बारावीच्या तोंडावर 'स्मरणशक्ती वाढवा' अशा वर्गांच्या जाहिराती दिसू लागतात. कार्यस्मृतीच्या सरावावरील अनेक अभ्यासांचा २०१३ मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा मुले सरावातल्या खेळात तरबेज होतात, पण गणित किंवा वाचन त्यामुळे सुधारत नाही, असे दिसून आले. त्या पैशात मुलाला वेळेवर झोपवणे बसते आणि वर पैसे उरतात. झोपेत नव्या आठवणी पक्क्या होतात. बालवाडीच्या वयात तर दुपारच्या झोपेचाही फायदा प्रयोगांत दिसला आहे. दुसरी गोष्ट लोहाची. अर्भकावस्थेत लोह कमी पडले, तर आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाच्या वाढीवर परिणाम होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ६ ते ५९ महिने वयाच्या ६७ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय होता. प्रत्येक रक्तक्षयाचे कारण लोहच असते असे नाही, तरी आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

याच वयातले आपल्याला मोठेपणी जवळजवळ काहीच आठवत नाही. बहुतेकांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. बाळांना स्मृतीच नसते असे मात्र नाही: पायाला दोरी बांधून टांगते खेळणे हलवायला शिकलेली तीन महिन्यांची बाळे ती युक्ती सुमारे आठवडाभर लक्षात ठेवतात, हे कॅरोलिन रोव्ही-कॉलियर यांनी दाखवले आहे. पण आठवण आयुष्यभर टिकायची तर हिप्पोकॅम्पस पक्व व्हावा लागतो आणि भाषाही हाताशी यावी लागते. न्यूझीलंडमध्ये २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील मूळनिवासी माओरी समाजातल्या प्रौढांची पहिली आठवण सरासरी पावणेतीन वर्षांच्या आसपासची आढळली. घडून गेलेल्या गोष्टी सांगण्याला त्या समाजात असलेले महत्त्व हे याचे एक कारण मानले जाते.

जानेवारीतल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेहून परतल्यावर 'मज्जा आली ना?' असे विचारून थांबणारी आई आणि 'नंदीध्वज कुणी धरले होते, आकाशपाळण्यात तुझ्या शेजारी कोण बसलं होतं, तू मध्येच का रडलास?' असे विचारत जाणारी आई यांच्या मुलांच्या आठवणींत पुढे फरक पडतो. दुसऱ्या प्रकारच्या आईच्या मुलांच्या आठवणी अधिक तपशीलवार आणि सुसंगत असतात. हे प्रश्न तेलुगूत विचारावेत की शाळेच्या मराठीत, अशी शंका काही घरांत असते. रशियन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा बोलणाऱ्यांवरील अभ्यासांत, प्रसंग ज्या भाषेत घडला त्या भाषेत विचारले असता तो अधिक सहज आठवला, आणि नेमका हिशेब ज्या भाषेत शिकवला त्याच भाषेत तो अधिक वेगाने झाला. तेव्हा यात्रेची आठवण घरच्या भाषेतच काढावी. पाढे ज्या भाषेत शाळेत शिकले, त्याच भाषेत घरीही म्हणून घ्यावेत.