टायर बदलले आणि दिवा लागला: चाक आपली जागा गाडीला कशी सांगतं

स्पोर्ट्स कारला नवे टायर टाकले की हवेच्या दाबाचा दिवा का लागला आणि तो रीसेट कसा करायचा, हा प्रश्न हमखास येतो. डॅशबोर्डवर कापलेल्या टायरचं चित्र, मध्ये उद्गारचिन्ह, पिवळा दिवा, आणि मालकाच्या पोटात गोळा. मग सल्ले सुरू. कोणी म्हणतं टायरमधले दाब मोजणारे सेन्सर गेले, चारही नवे घ्या. कोणी म्हणतं बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेव, आपोआप रीसेट होईल. आणि तिसरा एक असतोच जो म्हणतो साधी हवा भरलीस ना, नायट्रोजन भर. बहुतेक वेळा तिन्ही सल्ले चूक असतात. सेन्सर ठणठणीत असतो, हवा पण नीट असते, फक्त कुठलं चाक कुठे बसलंय हे गाडीला अजून कळलेलं नसतं. ते तिला कसं कळतं, ह्यात जी काही भन्नाट युक्ती आहे तिच्याबद्दल मला लिहायचंय, बाकीचं मी भरभर उरकणार आहे.

आधी सेन्सर काय असतो ते बघू. टायरच्या आत, रिमला, व्हॉल्व्हच्या मुळाशी साधारण ३० ग्रॅमचा एक प्लॅस्टिकचा डबा असतो. त्यात सिलिकॉनचा एक पातळ पडदा, जो हवेच्या दाबाने वाकतो आणि वाकला की त्याचा विद्युतरोध बदलतो, झालं प्रेशर मोजून. शिवाय तापमानाचा सेन्सर, त्वरण मोजणारा सेन्सर, एक छोटा प्रोसेसर, रेडिओ ट्रान्समीटर आणि लिथियमचा सेल. सेल रेझिनमध्ये गाडून टाकलेला असतो, बदलता येत नाही, साधारण ५ ते १० वर्षं चालतो आणि मग अख्खा सेन्सरच फेकायचा. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा नंबर असतो, बहुतेकदा ३२ बिटचा, आणि तो दर थोड्या वेळाने "माझा नंबर अमुक, दाब इतका, तापमान इतकं" असं रेडिओवर सांगत राहतो, अमेरिकेत मुख्यतः ३१५ मेगाहर्ट्झवर, युरोपात ४३३.९२ वर. म्हणून दुसऱ्या देशातून मागवलेल्या रिम-सेन्सरचा सेट कधीकधी गाडीला ऐकूच येत नाही, तिथे कितीही रीसेट करा काही होणार नाही.

ही कल्पना प्रवासी गाडीत पहिल्यांदा आली ती स्पोर्ट्स कारमध्येच, १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये. नंतर २००० साली अमेरिकेत फायरस्टोन टायर फुटून फोर्ड एक्सप्लोरर उलटण्याचं प्रकरण गाजलं, कायदा आला, आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाली. युरोपियन युनियनमध्ये नोव्हेंबर २०१४ पासून.

आता बॅटरी काढायच्या सल्ल्याचं बघा. सेन्सरचा सेल त्याच्या पोटात, आणि गाडी जे चार नंबर लक्षात ठेवते ते वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत. मग बॅटरीची वायर काढून नक्की काय पुसलं जाणार? पुसलं तर रेडिओची स्टेशनं आणि खिडकीच्या काचांचं सेटिंग.

रीसेटच्या बटणामागे गाडीगणिक वेगवेगळी कामं असतात आणि सगळा गोंधळ तिथेच आहे. एक काम म्हणजे आत्ता जो दाब आहे तोच योग्य समज आणि ह्यापुढे त्याच्याशी तुलना कर. दुसरं म्हणजे नवे सेन्सर आलेत, त्यांचे नंबर शिकून घे. तिसरं म्हणजे नंबर तेच पण जागा बदलल्यात, कोण कुठे ते शोध. पहिल्या प्रकारात लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण टायर बदलून येताना हवा कमी असेल आणि तुम्ही दिवा घालवायला रीसेट दाबलं तर तुम्ही गाडीला कमी हवा हीच बरोबर असं पढवून ठेवलं. दिवा गेला, धोका तसाच. त्यामुळे आधी टायर थंड असताना, म्हणजे गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरायची, मग रीसेट.

थंड का, तर वायूचा नियम. गेजवर ३३ पीएसआय (दाबाचं एकक, पाउंड प्रति चौरस इंच) दिसतं तेव्हा आतला खरा दाब ४७.७ असतो कारण बाहेरच्या हवेचे १४.७ गेज मोजत नाही. २० अंशाला, म्हणजे २९३ केल्विनला भरलेला टायर जोरात पळवून ६० अंशाला, ३३३ केल्विनला गेला की खरा दाब ५४.२ होतो आणि गेज दाखवतं ३९.५. हवा एक कणही वाढली नाही आणि साडेसहा पीएसआय वाढले! ट्रॅकवर लोक गरम टायरमधून हवा सोडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लागला म्हणून सेन्सरला शिव्या घालतात, त्याचं कारण हे. आणि नायट्रोजनवाल्यांसाठी: वरच्या गणितात वायू कुठला ते मी लिहिलंच नाही कारण ते लागतच नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच आहे. रबरातून तो ऑक्सिजनपेक्षा हळू झिरपतो आणि सिलेंडरमधला कोरडा असतो, बाष्प नसल्याने रेसवाल्यांना दाबाचा अंदाज बांधायला बरा, एवढंच त्याचं कौतुक. नायट्रोजन भरला की प्रेशर बदलतच नाही असं कोणी सांगत असेल तर तो हवा विकतोय.

स्पोर्ट्स कारमध्ये जागा इतकी महत्त्वाची का? कारण पुढचे टायर अरुंद, मागचे रुंद, आणि पुढचा-मागचा दाब बऱ्याचदा वेगळा. इंजिन मागे असलेल्या गाडीत मागच्या चाकांना जास्त हवा लागते. गाडीने पुढचा सेन्सर मागचा समजला तर ती नीट हवा असलेल्या चाकाला कमी म्हणेल आणि खरंच हवा गेलेल्या चाकाकडे दुर्लक्ष करेल. त्यात अशा मालकांकडे चाकांचे दोन संच असतात, रस्त्याचा एक, ट्रॅकचा किंवा बर्फाचा एक.

जुनी पद्धत सरळ होती. जनरल मोटर्सच्या गाड्यांमध्ये शिकवण्याच्या मोडमध्ये जायचं, मग डावं पुढचं, उजवं पुढचं, उजवं मागचं, डावं मागचं, ह्याच क्रमाने एकेक सेन्सर झोपेतून उठवायचा, गाडी प्रत्येक वेळी हॉर्न वाजवून "कळलं" म्हणते. १९९७ ला आलेल्या सी-फाइव्ह कॉर्व्हेटला, म्हणजे त्यांच्याच स्पोर्ट्स कारला, तर व्हॉल्व्हवर लोहचुंबक धरावं लागायचं. आता टायरवाल्याकडे हातात धरायचं यंत्र असतं, ते १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र सोडतं. इतकी कमी फ्रिक्वेन्सी मुद्दाम, कारण असं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात ढासळतं, त्यामुळे ज्या चाकाजवळ यंत्र धरलं तेवढंच जागं होतं, शेजारचं झोपून राहतं.

पण आजच्या बऱ्याच गाड्यांत ह्यातलं काहीच करावं लागत नाही. गाडी थोडा वेळ चालवायची आणि तिला आपोआप कळतं. कसं? रेडिओ सिग्नलमध्ये दिशा नसते, चारही सेन्सर एकाच अँटेनाला एकाच फ्रिक्वेन्सीवर ओरडतात. मला विचाराल तर पूर्ण गाडीतली सगळ्यात देखणी आयडिया इथे आहे, इंजिनात नाही.

चाक फिरतं तेव्हा सेन्सरला बाहेर फेकणारं बल जाणवतं. हिशोब करा: टायरची बाहेरची त्रिज्या ३४ सेमी, सेन्सर मध्यापासून २३ सेमीवर, वेग ताशी १०० किमी. चाक सेकंदाला १३ वेळा फिरतं आणि सेन्सरवर सुमारे १५६ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १५६ पट त्वरण येतं. ताशी ३०० ला नऊपट, १४०० जी, म्हणजे त्या ३० ग्रॅमच्या डब्याचं वजन ४२ किलो! पण गंमत त्या मोठ्या आकड्यात नाही. गंमत अशी की पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण त्यात मिसळलेलं असतं. सेन्सर सगळ्यात वर असताना एका बाजूला एक जी, खाली असताना उलट्या बाजूला एक जी. म्हणजे १५६ च्या सरळ रेषेवर अधिक-उणे एकची छोटी लाट, चाकाच्या एका फेऱ्याला एक लाट. ही लाट पकडली की आपण ह्या क्षणी वर आहोत, खाली आहोत की बाजूला, हे टायरच्या आत अंधारात बसलेल्या सेन्सरला कळतं. १५६ मधलं एक पकडायचं, खड्ड्यांच्या धक्क्यांसकट, सोपं नाही, आणि ताशी ३०० ला तर १४०० मधलं एक, म्हणून हे शिकणं मध्यम वेगात होतं.

आता सेन्सर काय करतो, की दर वेळी ठरावीक कोनावर, समजा बरोबर वर आल्यावरच, संदेश पाठवतो. दुसरीकडे गाडीकडे चारही चाकांचे एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सर असतातच, जे दातेरी रिंगचे दात मोजतात. समजा रिंगला ४८ दात आहेत. संदेश आला त्या क्षणी गाडी चारही चाकांचा दात क्रमांक लिहून ठेवते. पुढचा संदेश आला की पुन्हा चारही लिहिते. सेन्सर ज्या चाकात आहे ते चाक दोन संदेशांच्या मध्ये पूर्ण फेरेच मारणार, अर्धा-पाव नाही, म्हणून त्या चाकाचा दात क्रमांक दर वेळी जवळपास तोच येणार, समजा १७, १७, १८, १७, १६, १७. बाकी तिघांचे आकडे कुठेही भरकटणार.

चार आकाशपाळणे फिरतायत, तुमचे डोळे बांधलेत, आणि कुठल्यातरी एका पाळण्यातला मुलगा वर पोचला की ओरडतो असं समजा. आवाज कुठून आला कळत नाही, पण दर आरोळीला मित्राने चारही पाळण्यांचे फोटो काढले तर मुलगा कुठल्या पाळण्यात आहे हे फोटोंवरूनच कळेल.

बाकी तिघांचे आकडे भरकटतातच ह्याची खात्री काय, सगळी चाकं एकाच गाडीची आहेत ना? तर वळणामुळे. डाव्या-उजव्या चाकांमध्ये १.६ मीटर अंतर असेल तर एका काटकोनी वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा २.५ मीटर जास्त धावतं, आणि चाकाचा घेर आहे २.१४ मीटर. म्हणजे एका वळणात एका फेऱ्याहून जास्त फरक! सरळ रस्त्यावरसुद्धा त्रिज्येत एक मिलिमीटरचा फरक असेल तर १०० फेऱ्यांत, म्हणजे दोनशे-सव्वादोनशे मीटरमध्ये, शंभरेक अंशांचा फरक पडतो. स्पोर्ट्स कारचे पुढचे-मागचे टायर बहुधा मुळातच वेगळ्या घेराचे, त्यामुळे पुढचं-मागचं लवकर सुटतं. डावं-उजवं मात्र वळणांवर जास्त अवलंबून. तेव्हा एकसुरी सरळ हायवेपेक्षा चार वळणांचा रस्ता गाडीला लवकर शिकवतो. काही सेन्सरांमध्ये दोन दिशांचं त्वरण मोजतात, त्यात कुठली लाट आधी येते त्यावरून चाक कुठल्या दिशेने फिरतंय कळतं, आणि बाहेरून बघितलं तर पुढे जाताना डावी चाकं घड्याळाच्या उलट फिरतात, उजवी सुलट, म्हणजे बाजूचा प्रश्न तिथेच मिटला.

अजून एक बारकावा, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा. सेन्सर वर आला हे कळून संदेश बाहेर पडेपर्यंत १० मिलिसेकंद गेले तर ताशी १०० ला चाक तेवढ्यात ४७ अंश पुढे गेलेलं असतं, ताशी ५० ला अर्धंच. मग तोच-दात हा नियम वेग बदलला की मोडणार. म्हणून उशीर किती होतो हे पक्कं ठरवलेलं असतं आणि गाडी तेवढं मागे जाऊन तेव्हाचा दात क्रमांक काढते. हे सगळं सेलमधली वीज खातं, त्यामुळे सेन्सर हा उद्योग कायम करत नाही. गाडी साधारण पंधरा मिनिटं किंवा जास्त उभी राहिली की तो झोपतो, आणि चाक पुन्हा फिरायला लागलं की पहिली काही मिनिटंच घाईघाईने ठरावीक कोनावर संदेश पाठवतो, नंतर निवांत. म्हणून टायर टाकून लगेच निघालात आणि गाडी काहीच शिकली नाही तर थोडा वेळ उभी करून पुन्हा निघा. डॅशबोर्डवर दाबाच्या आकड्यांच्या जागी रेघा दिसतायत तोवर शिकणं चालू आहे, बटणं दाबत बसू नका.

काही गाड्यांत टायरमध्ये सेन्सरच नसतो, फक्त एबीएसवरून अंदाज, हवा गेलेलं चाक त्रिज्या कमी झाल्याने जरा जास्त फिरतं म्हणून. पण हवा गेल्याने फिरण्यात फरक पडतो एक टक्क्याहून कमी, आणि झिजलेल्या टायरच्या जागी नवा आला की नक्षीच पाच-सहा मिलिमीटर उंच, म्हणजे दीड टक्का फरक. तिथे टायर बदलल्यावर रीसेट केलंच पाहिजे, नाहीतर यंत्रणा भलतंच बोलणार.

दिवा आधी मिनिटभर लुकलुकून मग कायम राहिला तर यंत्रणेत बिघाड, सेन्सर ऐकू येत नाहीये. नुसता स्थिर लागला तर हवा कमी. टायर काढताना यंत्राचं पातं व्हॉल्व्हच्या जवळ लागलं तर सेन्सर तुटतो, हे टायरवाल्याला आधीच सांगा, आणि व्हॉल्व्हची रबरी वॉशर आणि आतली पिन नवी घालायला लावा. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर पितळी शोभेची टोपी अजिबात नको, दोन धातूंत ओलावा शिरला की गंजून चिकटते आणि काढताना व्हॉल्व्ह मोडतो.

आणि चाकांचा दुसरा संच गाडीतच टाकून ट्रॅकवर नेताना त्याचे सेन्सर हादऱ्यांनी जागे झाले तर गाडी गोंधळेल का? किंवा शेजारून जाणाऱ्या गाडीचे ऐकू आले तर? ऐकू येतात, ह्या संदेशांना सहसा कुलूप नसतं, २०१० मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स आणि साउथ कॅरोलायना विद्यापीठांच्या संशोधकांनी ४० मीटरवरून ते पकडून दाखवले होते. पण दात मोजणाऱ्या गाडीत त्या परक्या नंबरांचे दात क्रमांक चारपैकी एकाही चाकावर जमत नाहीत, आणि पाच-दहा मिनिटांत ते यादीतून बाहेर पडतात.