क्रूझला आधार चालतं, मग नेपाळला का नाही?

गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर सकाळी सहाला काकूंनी आधार कार्ड दाखवलं. दारावरच्या जवानाने तिकिटावरचं नाव पाहिलं, चेहरा पाहिला आणि आत सोडलं. दुपारी दिल्लीत, काठमांडूच्या विमानाच्या काउंटरवर, त्यांनी तेच कार्ड पुढे केलं. पलीकडच्या मुलीने ते वाचलं, उलटून पाहिलं आणि परत सरकवलं. पासपोर्ट किंवा मतदार कार्ड आहे का, असं तिने विचारलं. मागोमाग काकांनी आपलं आधार दिलं, ते मात्र तिने ठेवून घेतलं. काका ६८ वर्षांचे, काकू ६१ च्या. एकाच घरातली दोन आधार कार्डं, एकाच तिकिटावरची दोन नावं, आणि बोर्डिंग पास एकालाच.

काकूंनी तिथूनच मला फोन लावला. "अरे, ह्याच कार्डावर आम्ही जानेवारीत मुंबईहून क्रूझने आलो ना? एवढा समुद्र चालला, मग नेपाळला काय झालं?"

तिकिटं मीच काढून दिली होती. म्हापशाला माझं बुकिंगचं छोटं टेबल आहे. मतदार कार्ड सोबत घ्या, असा निरोप मी पाठवला होता, पण तो दहा सूचनांच्या मधोमध होता. फोन करून वेगळं सांगायला हवं होतं, ते मी केलं नाही. त्याची रुखरुख अजून आहे. काकूंचा प्रश्न मात्र अगदी रास्त होता, आणि पेडण्यापासून काणकोणपर्यंत तो मला वर्षभर कुणी ना कुणी विचारतंच.

गोंधळ होतो तो या दोन प्रवासांच्या रूपामुळे. क्रूझ दिसायला परदेशवारीच. मुरगाव बंदरात पांढरं, दहा-अकरा मजल्यांचं जहाज उभं असतं, सामान यंत्रातून जातं, गळ्यात कार्ड अडकवतात, आणि तासाभराने चारी बाजूंना फक्त पाणी. नेपाळचं नेमकं उलट. सोनौलीला सीमेवरच्या कमानीखालून चालत गेलं की नेपाळ. सायकलवाले, भाजीवाल्या, शाळेची पोरं ये-जा करत असतात. परदेश वाटतच नाही. डोळ्यांना जे परदेश वाटतं ते कायद्याने देशातच असतं, आणि जे शेजारचं गाव वाटतं तो खराखुरा दुसरा देश असतो.

मुंबईहून सुटून गोव्यात येणारं जहाज भारताच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात येतं. वाटेत इमिग्रेशन नाही, शिक्का नाही. कंपनीला एवढंच बघायचं असतं की ज्याच्या नावाचं तिकीट आहे तीच व्यक्ती जहाजावर चढते आहे. म्हणून सरकारने दिलेलं, फोटो असलेलं ओळखपत्र पुरतं. आधार, मतदार कार्ड, वाहन परवाना, पासपोर्ट, जे हाताशी असेल ते. मुंबई ते पणजी बोटीने येणाऱ्या जुन्या पिढीला तर तिकिटापलीकडे काही लागल्याचं आठवत नाही. २०१८ मध्ये 'आंग्रिया' ही मुंबई-गोवा क्रूझ सुरू झाली तेव्हा त्यातले कितीतरी लोक केवळ त्या आठवणीपोटी चढले होते.

सीमेवर प्रश्न बदलतो. तू कोण, एवढ्यावर भागत नाही. तू कुठल्या देशाचा नागरिक, हे विचारलं जातं. आणि इथे आधार गप्प बसतं. २०१६ च्या आधार कायद्याप्रमाणे हा क्रमांक रहिवाशाला मिळतो. अर्जाआधीच्या बारा महिन्यांत जो १८२ दिवस भारतात राहिला, तो रहिवासी. हणजुणेला वर्षानुवर्षं राहणारा परदेशी माणूसही या व्याख्येत बसू शकतो. मतदार यादीत मात्र राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाप्रमाणे भारताचा नागरिकच येतो. म्हणून नेपाळला जाताना निवडणूक आयोगाचं कार्ड चालतं आणि आधार चालत नाही. आधार बनावट असण्याचा किंवा कमी दर्जाचं असण्याचा इथे संबंधच नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यावर छापलेलं नाही, एवढंच.

मग काकांचं कसं चाललं? वय १५ च्या आत किंवा ६५ च्या पुढे असेल तर नेपाळ-भूतानला जायला ओळख आणि वय दाखवणारा फोटोचा दाखला पुरतो, आणि २०१९ पासून गृह मंत्रालयाने त्या यादीत आधारही घेतलं. काका त्या सवलतीत बसले, काकू चार वर्षांनी हुकल्या. कुटुंब एकत्र जात असेल तर आणखी एक सूट आहे. मोठ्यांपैकी एकाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांनी फोटोचं ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा, उदाहरणार्थ रेशन कार्ड, दाखवला तरी चालतं. पण काकांच्या हातातही आधारच होतं, त्यामुळे तो रस्ताही बंद. ही सूट मी कुणाला भरवशाची म्हणून सांगत नाही. काउंटरवर समजावत बसायला वेळ नसतो आणि विमान थांबत नाही.

सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागतो तो पंधरा ते अठरा वयाच्या मुलांचा. दहावीची परीक्षा संपली की घरचे पशुपतिनाथ आणि पोखरा ठरवतात. मुलगा पंधरा ओलांडून गेलेला, म्हणजे आधारची सवलत संपली. अठरा झालेली नाहीत, म्हणजे मतदार कार्ड नाही. पासपोर्ट काढलेला नसतो. या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात द्यायचा ओळखीचा दाखला असतो. शाळेचं रोजचं ओळखपत्र त्याची जागा घेत नाही. आणि हा दाखला आठवतो तेव्हा नेमकी शाळेला सुट्टी पडलेली असते, मुख्याध्यापक गावाला गेलेले असतात. तिकीट काढायच्या आधी शाळेत जाऊन या, असं मी आता प्रत्येक पालकाला सांगतो.

भूतानलाही भारतीयांना व्हिसा लागत नाही. किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट किंवा मतदार कार्ड दाखवून प्रवेश परवाना घ्यायचा, आणि प्रत्येक रात्रीचे १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरायचं. श्रीलंका, बांगलादेश यांच्या बाबतीत मतदार कार्डाचा विषयच नाही; तिथे पासपोर्टच लागतो.

इथेच क्रूझ पुन्हा मधे येते आणि गोंधळ दुसऱ्या बाजूने सुरू होतो. मुंबई-गोवा फेरी करणारं जहाज वेगळ्या मोसमात चेन्नईहून श्रीलंकेच्या हंबनटोटा, त्रिंकोमालीला जाऊ शकतं. जहाज तेच, केबिन तीच, जेवणाचा हॉलही तोच. गेल्या वेळी आधारवर गेलेला माणूस या वेळीही आधार खिशात घालून निघतो. कागद जहाजावर ठरत नाही, ते कुठल्या बंदरांना लागणार यावर ठरतो. एक जरी बंदर परदेशातलं असलं तर पासपोर्ट हवाच, आणि त्याची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी.

मधलं एक ठिकाण आहे लक्षद्वीप. देश आपलाच, पासपोर्टचा संबंध नाही, तरी बाहेरच्या माणसाला प्रवेश परवाना लागतो. क्रूझने जाणाऱ्यांसाठी बहुधा कंपनीच तो काढते, पण त्यासाठी आपले कागद तिला वेळेत पाठवावे लागतात.

अमेरिकेतल्या नातेवाइकांमुळे होणारा घोटाळा वेगळाच. "आम्ही बहामाला नुसत्या जन्मदाखल्यावर जाऊन आलो, तुम्ही कसला पासपोर्ट घेऊन बसलात!" हे वाक्य मी फोनवरून ऐकलं आहे. ते खोटं नाही. अमेरिकेच्या एका बंदरातून सुटून, जवळपासच्या देशांना लागून, त्याच बंदरात परतणाऱ्या क्रूझवर अमेरिकी नागरिकाला जन्मदाखला आणि सरकारी फोटो ओळखपत्र यांवर परत येता येतं. पण तोच माणूस गाडीने कॅनडात किंवा मेक्सिकोत जाऊन परतत असेल तर नुसता जन्मदाखला पुरत नाही. १ जून २००९ पासून मोठ्या माणसाला पासपोर्ट, पासपोर्ट कार्ड किंवा काही राज्यांचा खास वाहन परवाना असं काहीतरी दाखवावं लागतं. जन्मदाखल्याची मुभा सोळा वर्षांखालच्या मुलांना आहे. आणि ते पासपोर्ट कार्ड जमिनीवर, समुद्रावर चालतं, परदेशच्या विमानाला चालत नाही. म्हणजे तिकडे क्रूझला ढील आणि जमिनीच्या सीमेवर ताण. आपल्याकडे १९५० च्या भारत-नेपाळ करारापासून चालत आलेल्या मोकळ्या सीमेमुळे जमिनीवर ढील आणि परदेशी क्रूझला ताण. तिकडचा सल्ला इकडे उचलून आणला की हमखास फसगत होते. शिवाय ती सवलत अमेरिकी नागरिकाची आहे. भारताचा पासपोर्ट असलेल्या आईवडिलांना त्याच क्रूझवर पासपोर्ट आणि परत अमेरिकेत शिरता येईल असा व्हिसा, दोन्ही लागतात.

व्हिसावरून आठवलं. सिंगापूरहून सुटणारी क्रूझ पेनांग, फुकेत करून परत सिंगापूरला येते. प्रवाशाला ती एकच सहल वाटते. इमिग्रेशनच्या हिशेबी मात्र तुम्ही सिंगापूरमध्ये दोनदा शिरता: एकदा विमानाने उतरताना, एकदा जहाजातून परतताना. म्हणून व्हिसावर किती वेळा प्रवेश लिहिला आहे ते बघायचं. जहाजावर कधी कधी पासपोर्ट रिसेप्शनला जमा करून घेतात. तेव्हा घाबरू नये, पण झेरॉक्स आपल्याजवळ असावी.

आता खास आपल्या गोव्याचं. इथल्या अनेक घरांत एक भाऊ भारतीय आणि दुसरा पोर्तुगीज पासपोर्टवर. नेपाळला सगळे मिळून निघाले तर पहिला मतदार कार्डावर जातो. दुसरा कायद्याने परदेशी नागरिक, त्याच्याकडे ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड असलं तरीही. त्याला पोर्तुगीज पासपोर्ट आणि नेपाळचा व्हिसा लागतो, भूतानमध्ये तर १२०० रुपयांच्या जागी रात्रीचे १०० डॉलर पडतात. परत भारतात शिरताना पासपोर्टबरोबर ओसीआय किंवा भारताचा व्हिसा हवाच. घरात पडून असलेलं जुनं मतदार कार्ड त्याने वापरू नये. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारताचं संपतं, आणि ते कार्ड दाखवणं म्हणजे खोटी माहिती देणं. दोघे भाऊ माझ्या टेबलाशी येऊन एकाच आईच्या दोन बाजूंना बसतात, तेव्हा हे सांगताना मला जड जातं, पण काउंटरवर कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

तारवटी मंडळींचंही तसंच. जहाजावर नोकरी करणाऱ्याकडे सीडीसी असते. ती खलाशाच्या कामाची वही आहे. सुट्टीत बायको-मुलांना घेऊन प्रवासी म्हणून परदेशी क्रूझवर चढायचं तर आपल्यालाही इतरांसारखाच पासपोर्ट आणि लागेल तिथला व्हिसा, असं समजून चालावं.

आणि नावांचं स्पेलिंग. पोर्तुगीज काळातल्या नोंदींत 'नाईक'च्या शेवटी क्यू-यू-ई असतं, आजच्या आधारवर के. 'गावकर'मध्ये तिकडे सी, इकडे के. देशातल्या क्रूझवर कुणी फारसं अडवत नाही. सीमेवर अडवतात. म्हणून जे कार्ड दाखवणार त्यावरचं अक्षर न् अक्षर तिकिटावर घालतो, माणूस आपलं नाव कसं सांगतो ते बघत नाही. मतदार कार्ड हरवलं किंवा त्यात चूक असेल तर ८ नंबरचा फॉर्म भरायचा. ते हातात यायला वेळ लागतो, तेव्हा सहलीच्या आठवड्यात ते काम काढू नये. वर्षाकाठी एकदा जरी देशाबाहेर जायचा विचार असेल तर ३६ पानी पासपोर्टला साधे १५०० रुपये लागतात, तो मोठ्या माणसाला दहा वर्षं पुरतो, आणि वरचा निम्मा गोंधळ त्याने मिटतो.

माझी आजी पत्रादेवीजवळची. १९६१ च्या आधी तिथे दोन देशांची सीमा होती, आणि बांद्याला बहिणीकडे जायचं तर परवाना लागायचा, हे ती शेवटपर्यंत सांगायची. आज त्याच रस्त्याने रोज हजारो गाड्या जातात आणि माणसाला कुणी नाव विचारत नाही. समुद्र किती खोल, डोंगर किती उंच, रस्ता किती ओळखीचा, याचा कागदाशी संबंध नसतो, हे मला तिच्याकडून आधी कळायला हवं होतं.

काकूंचं मतदार कार्ड घरी पेडण्याला, देवघराखालच्या पत्र्याच्या पेटीत होतं. मोबाइलवरचा फोटो काउंटरवर चालला नाही. काका एकटे पुढे गेले नाहीत, बोर्डिंग पास परत करून काकूंजवळ बसले. सुनेने पेटी उघडली, संध्याकाळच्या विमानाने दिल्लीला निघालेला गावातलाच एक मुलगा शोधला आणि कार्ड पाकिटात घालून त्याच्या हातात दिलं. दोघांनी रात्र दिल्लीत काढली, नवी तिकिटं घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी काकू त्याच काउंटरवर उभ्या राहिल्या. समोर वेगळी मुलगी होती. तिने मतदार कार्ड पाहिलं, कीबोर्डची बटणं दाबली आणि विचारलं, खिडकीजवळची सीट हवी का?