बेदाणा, फिनेल आणि मांजराचं यकृत

तासगाव, कवठेमहांकाळ आणि मिरजेच्या पूर्व भागातल्या बेदाणा शेडवर फेब्रुवारीपासून लगबग असते. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवलेली द्राक्षं जाळ्यांवर पसरायची, दोन आठवड्यांत वाळली की झाडायची, मग निवडायची. साधारण 4 किलो द्राक्षांचा 1 किलो बेदाणा होतो. सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. शेडवर राखणीला एखादं कुत्रं असतंच, आणि खाली सांडलेला बेदाणा त्याच्या तोंडी लागतोच. कुणी लाडानं मूठभर टाकतंही. पोराबाळांना आपण जे पौष्टिक म्हणून देतो, ते मुक्या जनावरालाही चांगलंच असणार, असं वाटणं साहजिक आहे.

कुत्र्याच्या मूत्रपिंडाला मात्र ते चांगलं नसतं. द्राक्षं किंवा बेदाणे खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या नोंदी अमेरिकेत 1990च्या दशकाच्या अखेरीपासून जमू लागल्या. आधी उलट्या, मग खाणं बंद, दोन-तीन दिवसांत लघवी कमी होत जाते आणि पुढे थांबते. कोडं असं होतं की एक कुत्रं ओंजळभर खाऊन ठणठणीत राहायचं आणि दुसरं थोडक्यात आडवं व्हायचं. बुरशी, फवारणीची औषधं, जड धातू, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. धागा सापडला तो 2021 मध्ये. बेकिंगसाठी वापरलं जाणारं ‘क्रीम ऑफ टार्टर’ आणि ते घालून मुलांना खेळायला बनवलेली कणीक खाल्लेल्या कुत्र्यांचीही मूत्रपिंडं अगदी तशीच बिघडली होती. या दोन्हींत आणि द्राक्षात सारखा घटक एकच, टार्टारिक आम्ल. द्राक्षाची जात, माती आणि पिकण्याची अवस्था बदलली की त्याचं प्रमाण बदलतं, त्यामुळे एका घासाला एक निकाल आणि दुसऱ्याला दुसरा हे कोडंही सुटतं. बेदाण्यात पाणी उडून गेलेलं असल्यानं तेच आम्ल चौपट घट्ट होतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कुत्र्याच्या मूत्रपिंड-पेशींवरच्या कामातून असं दिसतं की हे आम्ल पेशीत शिरतं, पण तिथून बाहेर पडायला त्याला नीट वाट मिळत नाही. ते साचतं आणि पेशी मरतात.

टार्टारिक आम्ल भरपूर असलेलं आपल्या ओळखीचं आणखी एक फळ आहे, चिंच. चिंच खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यांच्या नोंदी आहेत. म्हणून चिंच-गुळाची आमटी भातात कालवून कुत्र्याला घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात कांदा-लसणाची फोडणी असते, ती वेगळीच अडचण.

घरातली सगळी जनावरं आपल्याच अंगणात वाढतात, पण आत गेलेल्या पदार्थाचं काय करायचं हे प्रत्येक प्राण्याचं यकृत, मूत्रपिंड आणि आतडं आपापल्या पद्धतीनं ठरवतं. लाखो वर्षांत तो प्राणी काय खात आला त्यावर ती पद्धत बेतलेली असते. याचं सर्वांत लख्ख उदाहरण मांजर आहे.

आपलं घरगुती मांजर ‘फेलिस लिबिका’ या रानमांजराचं वंशज असल्याचं 2007 साली जनुकीय तुलनेतून दिसून आलं. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठू लागलं, धान्याला उंदीर आले आणि उंदरांमागे हे मांजर आलं. सायप्रस बेटावर सुमारे 9500 वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. इतका जुना सहवास असूनही मांजराचं शरीर कुत्र्याइतकं माणसाच्या ताटाकडे वळलं नाही. ते अजून निव्वळ शिकाऱ्याचं शरीर आहे.

वनस्पती स्वतःच्या बचावासाठी नाना कडू-विषारी रसायनं बनवतात. त्यांत फेनॉल गटातली बरीच असतात. पाला, बिया, फळं खाणाऱ्या प्राण्याला ती रोज पोटात घ्यावी लागतात, म्हणून त्याच्या यकृतात ती निकामी करणारी यंत्रणा पक्की असते. तिथलं एक विकर (एन्झाइम) या रसायनांना ग्लुकुरोनिक आम्लाचा रेणू जोडतं. तो जोडला की पदार्थ पाण्यात विरघळतो आणि लघवी-पित्तातून निघून जातो. हे विकर बनवण्याची सूचना यूजीटी1ए6 या जनुकात असते. मांजरात ते जनुक आहे, पण मोडलेलं. मार्जारकुळातल्या आज जिवंत असलेल्या सगळ्या प्रजातींत ते मोडलेलंच आहे, आणि ही मोडतोड 3.5 कोटी ते 1.1 कोटी वर्षांपूर्वीच्या काळात झाली असावी असा अंदाज आहे. म्हणजे चांदोलीच्या जंगलातला वाघ, कराड-पाटणच्या उसात पिल्लं घालणारी बिबट्याची मादी आणि चुलीपाशी झोपलेली मनी, तिघांच्याही यकृतात उणीव एकच. नुसतं मांस खाणाऱ्याला त्या विकराची गरजच पडत नव्हती, त्यामुळे जनुक बिघडलं तरी कुणाचं काही अडलं नाही.

अडतं ते आपल्या घरात आल्यावर. मांजर कण्हतंय, अंग तापलंय असं वाटलं की घरात असलेली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून देणारी माणसं आहेत, आणि ती मायेनंच देतात. 500 मिलिग्रॅमची गोळी 4 किलोच्या मांजराला दिली तर किलोमागे 125 मिलिग्रॅम झाले. मांजराला किलोमागे 10 मिलिग्रॅमलाही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. अर्धी गोळीसुद्धा त्याच्या सहापट भरते. नेहमीची वाट बंद असल्यानं पॅरासिटामॉल दुसऱ्या वाटेनं जातं आणि त्यातून घातक पदार्थ तयार होतात. ते सर्वांत आधी रक्तावर येतात. माणसाच्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत अशा माऱ्याला सहज बळी पडणारे सल्फहायड्रिल गट 2 असतात, कुत्र्याच्या 4, मांजराच्या 8. हिमोग्लोबिनचं रूपांतर मेथेमोग्लोबिनमध्ये होतं आणि ते ऑक्सिजन वाहू शकत नाही. रक्त तपकिरी दिसतं. ओठ वर करून पाहिलं तर गुलाबी हिरड्या मातकट किंवा निळसर झालेल्या असतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास भराभर चालतो. मांजरासाठी पॅरासिटामॉलचा सुरक्षित डोस असा नाहीच.

ॲस्पिरिनचंही तसंच. एका डोसमधलं निम्मं औषध शरीराबाहेर जायला कुत्र्यात साधारण 8 तास लागतात, तर मांजरात दीड दिवसाहून अधिक. कांदा-लसूण रक्ताच्या तांबड्या पेशींना याच धर्तीवर मारतो, कुत्र्याच्याही आणि मांजराच्या त्याहून जास्त. शिजवल्यानं किंवा वाळवून पूड केल्यानं त्याचं विष जात नाही.

आता फिनेल. सकाळी फरशी पुसून होते, ओल अजून वाळलेली नसते आणि मांजर त्यावरून शांतपणे चालत जाऊन उंबऱ्यावर बसतं. पुढचा पाय उचलतं, बोटं फाकवतं आणि मधली कातडी चाटू लागतं. त्याच्या जिभेवरचे काटे टोकाशी पोकळ पन्हळीसारखे असतात, हे 2018 मध्ये बारकाईनं तपासलं गेलं. त्या पन्हळीतून लाळ केसांच्या मुळापर्यंत पोचते आणि केसांवरचं सगळं तोंडात येतं. काळ्या फिनेलमध्ये फेनॉल गटातलीच रसायनं असतात, म्हणजे नेमकी तीच, जी त्याच्या यकृताला पेलत नाहीत. फरशी पूर्ण वाळेपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवा, किंवा त्या घरात साबणाच्या पाण्यानं फरशी पुसा. मी दुसऱ्या उपायाच्या बाजूचा आहे, कारण मांजराला खोलीत कोंडून ठेवणं कुणालाच रोज जमत नाही.

गोठा असलेल्या घरात याहून मोठा धोका गोचिडाच्या औषधाचा आहे, आणि वाळवा-पलूसपासून फलटण-माणपर्यंत गोठा नसलेली वस्ती विरळाच. गोचिडांसाठी गाई-म्हशींवर सायपरमेथ्रीन किंवा डेल्टामेथ्रीन पाण्यात मिसळून फवारतात. बादलीत उरलेलं पाणी वाया का घालवायचं म्हणून पिसवा झालेल्या कुत्र्याला आणि मग मांजरालाही त्यानं पुसलं जातं. ही औषधं चेतापेशींतल्या सोडियमच्या वाटा उघड्याच ठेवतात. पेशी शांत होऊ शकत नाही, कीटक तडफडून मरतो. गाईचं शरीर ते औषध लवकर मोडून टाकतं, कुत्रंही बरंचसं निभावून नेतं. मांजराच्या शरीरात ते रेंगाळतं. काही तासांत कान आणि मिशांजवळची कातडी थरथरते, मग सगळं अंग कापतं, मग झटके येतात. कुत्र्यासाठीची परमेथ्रीन असलेली मानेवर घालायची औषधंही मांजराला चालत नाहीत. फवारलेल्या गाईच्या अंगाशी किंवा गोठ्यातल्या ओल्या पोत्यावर मांजर झोपतं, तेवढाही संपर्क टाळावा. उंदराच्या औषधाचं वेगळं सांगायला नको. ते खाऊन मेलेला उंदीरही मांजराला मारू शकतो, म्हणून मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरायला हवेत.

खाण्याकडे वळू. दूध-चपाती कुस्करून घातली की मांजर पोसलं, ही आपल्याकडची जुनी रीत. मांजराला गोड चव कळत नाही. गोडाच्या ग्राहीचा, म्हणजे जिभेवर गोड चव ओळखणाऱ्या प्रथिनाचा, अर्धा भाग बनवणारं जनुक त्याच्यात निकामी आहे, हे 2005 साली दाखवलं गेलं. ते दूध पितं ते त्यातल्या चरबीसाठी आणि प्रथिनांसाठी. मोठ्या मांजराच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं विकर कमी झालेलं असतं, त्यामुळे पुष्कळांना दुधानं हगवण लागते. खरी उणीव वेगळीच असते, टॉरिनची. आपण आणि कुत्री हा पदार्थ शरीरात बनवतो, मांजराला तो पुरेसा बनवता येत नाही. तो मांस, मासे आणि विशेषतः हृदयासारख्या अवयवांत असतो. टॉरिन कमी पडलं तर मांजराचा दृष्टिपटल झिजतो, हे 1975 मध्ये कळलं. हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगतं, हे 1987 मध्ये. दुसरा आजार वेळेत टॉरिन दिल्यास बरा होऊ शकतो, गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. गाजर-भोपळ्यातल्या बीटा-कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्वही मांजर बनवू शकत नाही.

शाकाहारी घरात हे सांगणं अवघड जातं, हे मला माहीत आहे. पण मांजर पाळायचं तर त्याला मांस-मासे किंवा मांजरासाठीच तयार केलेलं, टॉरिन घातलेलं खाद्य द्यावंच लागतं. कुत्र्याचं खाद्य त्याला पुरत नाही. कोंबडी-मासे उकडून देत असाल तर उकडलेलं पाणीही त्यातच ओता, कारण टॉरिन पाण्यात उतरतं. मीठ, हळद, मसाला काही नको.

गोठ्यातल्या जनावरांची गोष्ट अगदी उलटी. ज्येष्ठातला कर्नाटकी बेंदूर असो की आषाढातला महाराष्ट्रीय, बैलाला ओवाळून पुरणपोळीचा नैवेद्य देतात. एक-दोन पोळ्यांनी काही बिघडत नाही. घरोघरी तेच होत गेलं, किंवा लग्नातला उरलेला भात-बुंदी पाटीभर घातली, तर मात्र दुसऱ्या दिवशी जनावर रवंथ करत नाही. बैलाच्या कोटीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, जिवाणूंची वस्ती असते आणि ती कडबा-वैरणीच्या धाग्यांवर जगते. तिथला सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) एरवी 6 ते 7च्या दरम्यान राहतो. पिठूळ आणि गोड एकदम आलं की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू माजतात, सामू 5च्याही खाली उतरतो, बाकीचे जिवाणू मरतात. आम्ल रक्तात उतरतं, पाणी पोटाकडे ओढलं जातं, आंबट वासाची हगवण लागते, डोळे खोल जातात, जनावर झोकांड्या खातं. धडधाकट बैल यानं दगावतो. नैवेद्याला चतकोर पुरतो.

औषधाचा असाच घोळ गोठ्यापासून दूर आकाशातही पोचला. गाई-म्हशींना वेदनेसाठी दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. हे कारण 2004 मध्ये उघड झालं, तोवर भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ संपली होती. 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली, 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही. पर्याय म्हणून सुचवलेलं मेलॉक्सिकॅम गिधाडाला चालतं. पण तेच मांजराला पुन्हापुन्हा दिलं तर मूत्रपिंड बिघडू शकतं, असा इशारा अमेरिकेतल्या औषध नियंत्रकांनी 2010 मध्ये दिला. ‘डॉक्टरांनी गाईला दिलेलं औषध आहे, मांजराला थोडं कमी देऊ’ हा हिशेब म्हणूनच करायचा नसतो.

चुकून काही पोटात गेलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, मिठाचीच बाधा होते. दूध, तेल, ताक ओतू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. अंगावर गोचिडाचं औषध पडलं असेल तर कोमट पाणी आणि भांड्याचा सौम्य साबण वापरून धुवा, लगेच कोरडं करा, टॉवेलमध्ये गुंडाळा. औषधाचं पाकीट किंवा बाटली जपून ठेवा, खाल्ल्याची वेळ आणि जनावराचं अंदाजे वजन सांगा. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे, आणि सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पॅरासिटामॉलवर उतारा म्हणून दिलं जाणारं एन-ॲसिटिलसिस्टीन माणसांच्या दवाखान्यातही वापरतात. गावातल्या डॉक्टरांकडे ते नसलं तर शहरातून मागवता येतं, पण त्यासाठी फोन हिरड्यांचा रंग बदलायच्या आधी गेला पाहिजे.